पैकुजींच्या न उघडलेल्या छत्र्या

पवनीत माझं कापडाचं दुकान आहे. तिथं साडी पाहायला आलेल्या बाईनं नुसतं टोक धरून जरा ओढलं, की सबंध साडी एका दमात उघडते. बाईच्या हातात टोक आणि उरलेली साडी पायऱ्या उतरून रस्त्यावर. एकदा एक जांभळी साडी अशीच बाहेर पडली आणि एका सायकलवाल्याच्या हँडलला अडकून पुढच्या वळणापर्यंत जाऊन आली. साडीत काही दोष नव्हता. तिची घडी पैकुजींनी घातली होती.

पैकुजी माझे साडभाऊ. त्यांची सुमनबाई आणि माझी कुसुम या सख्ख्या बहिणी, आतून हाक आली तर कोणाची ते कळू नये इतका आवाज सारखा. सुमनबाई थोरल्या, त्यामुळं पैकुजी मला मोठे, आणि मोठ्या साडभावाला 'दुकानात येऊ नका' म्हणायची सोय आमच्याकडं नाही. सकाळी मी शटर वर करतो न करतो तोच हे हजर. अंगात धुतलेला पांढरा सदरा, खिशात नेलकटर. आले की आधी माझी बोटं बघतात.

"नखं?"

"परवाच कापली."

"परवाची गोठ परवा गेली. नख कापडाले धरते, साडभाऊ. एक धागा ओढला तं माणूस गेला."

साडीचा धागा ओढल्यानं माणूस कुठं जाणार, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. ते बिचकून आधी पैकुजींकडं बघतं आणि मग हळूच स्वतःच्या नखांकडं.

मग पैकुजी काउंटर कोरड्या फडक्यानं पुसतात, मी काल नीट लावून ठेवलेल्या साड्या खाली काढतात आणि एकेक मोडून पुन्हा घड्या घालायला घेतात. त्या वेळी स्वतः बोलत नाहीत, दुसऱ्याला बोलू देत नाहीत. शिंक आली तर बाहेर जाऊन शिंकायचं. घडी सरकू नये म्हणून त्यांनी मूठमूठ तांदूळ भरून लहान लहान पिशव्या शिवल्या आहेत. त्या कापडावर ओळीनं ठेवायच्या, एक पट्टी बसली की पुढं सरकवायच्या. नवीन माणसाला वाटतं, दुकानात कसली तरी पूजा चालली आहे आणि आपण चप्पल घालून आत आलो.

"अहो पैकुजी, एवढी उघडून करायचं काय?" मी एकदा वैतागून म्हणालो. "पदर दाखवला, काठ दाखवला, झालं."

"ठेवासाठी घडी कोणीबी घालते," ते म्हणाले. "उघडली तं पाह्यजे ना!"

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मच्छरदाणी असो, ताडपत्री असो, शेजारच्या पोराचा रेनकोट असो, पैकुजी तो हातात घेणार, झटकणार, पुन्हा घडी घालणार आणि म्हणणार, उघडली तं पाह्यजे ना! एका लग्नात आहेराचे सगळे शेले त्यांनी आपल्या पद्धतीनं लावून ठेवले. व्याह्यानं पहिला शेला उचलला तो भटजींच्या डोक्यावरून जाऊन पलीकडच्या खुर्चीवर बसलेल्या म्हाताऱ्याला लागला. त्याला वाटलं, आपलाच सत्कार आहे. त्यानं हात जोडले.

पैकुजी हवाई दलात होते. गावात कोणाला हे सांगितलं की तो सावरून बसतो आणि विचारतो, "कोणतं विमान चालवत होते जी?" इथून गोष्ट उतरणीला लागते. कारण पैकुजींनी विमान चालवलं नाही, दुरुस्त केलं नाही, ते विमानात कधी बसलेसुद्धा नाहीत. त्यांनी पॅराशूटच्या घड्या घातल्या. नोकरी लागली तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत, एका लांबलचक टेबलाशी उभं राहून, घड्या.

घर मूळचं कोष्ट्याचं. वडील मागावर, आई कांड्या भरायची. "बाप म्हणे, कापडातून सुटला पोट्टा," पैकुजी सांगतात. "सुटलो कुठं? इथं सूत होतं, तिथं नायलॉन." त्यात आजोबांनी नाव ठेवलेलं पैकू. पॅकिंगच्या खोलीत पॅकू नावाचा माणूस म्हटल्यावर सगळ्यांनी ते टोपणनाव धरलं. तिथला सार्जंट केरळचा. पहिल्या दिवशी त्यानं विचारलं, "पॅकू ठीक है, असली नाम क्या है?" पैकुजी म्हणाले, "येच असली है." सार्जंटला वाटलं, पोरगं उलट उत्तर देतंय. शिक्षा म्हणून त्यानं त्यांना छत्र्या वाळवायच्या उंच मनोऱ्यावर चढवलं. पैकुजी तिन्हीसांजेपर्यंत वरच. त्यांना वाटलं, हीच नोकरी.

'छत्री' हा त्यांचाच शब्द. पॅराशूट म्हणायला त्यांना परकं वाटतं.

"बसणं त्याइचं काम," ते पायलट लोकांबद्दल म्हणतात, "आन खाली आणणं माह्यं."

पण ऐकणारा पुढचा प्रश्न विचारतोच, "मग तुमच्या छत्रीनं किती जण वाचले?" पैकुजी खरं बोलणारे. सांगून टाकतात, "माह्या हातची एकबी उघडली नाई." म्हणजे उघडायची पाळीच आली नाही. ठरावीक महिन्यांनी छत्री परत यायची, मोडायची, वाळवायची, पुन्हा घडी घालायची, पुन्हा जायची, पुन्हा तशीच यायची. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या राहणाऱ्या पंजाब्याची एक छत्री उघडली होती. तो पायलट काठी टेकत पेढे घेऊन आला होता. ती गोष्ट पैकुजी इतक्या कौतुकानं सांगतात, जणू पेढे यांनीच खाल्ले.

लोक हसतात. जन्मभर घड्या घातल्या आणि एकही उघडली नाही! पैकुजीही हसतात. "चांगलंच झालं ना जी. कोणावर पाळी नाई आली," म्हणतात आणि मग दिवसभर काही बोलत नाहीत. मला वाटायचं, चेष्टा लागली असेल.

सुमनबाई गेल्या आणि पैकुजींना आणखी एक खूळ लागलं. कुठं जुनं लढाऊ विमान चौकात किंवा शाळेच्या आवारात उभं केल्याची बातमी आली की ते बघायला जायचं. जायचं म्हणजे माझ्या व्हॅनमधून. चालवणार मी. माझी पाठ दुखते, व्हॅनचा दुसरा गिअर दुखतो, पण पैकुजी पुढच्या सीटवर सरळ बसून राहतात, मांडीवर डबा, आणि खड्डा आला की माझ्याकडं बघतात.

बरं, गेल्यावर तरी विमान बघावं? बाकीचे लोक नाकापुढं उभे राहून फोटो काढतात, पोरं पंखाखाली पळतात. पैकुजी चप्पल काढतात, विमानाच्या बाजूला जातात, मान वर करतात आणि पायलटच्या बसायच्या जागेकडं बघत राहतात. खालून काय दिसणार? काच, आणि काचेवर कावळ्यांची मेहरबानी. मग तिथल्या रखवालदाराला गाठतात.

"आत शीट हाये का?"

"काय माहीत बाबा. काढली असेल."

"शीटच नाई तं पाह्याचं काय?"

आणि परत फिरतात. मी एकदा तासनतास गाडी चालवून नागपूरला नेलं, तर चहा पिऊन होईपर्यंत यांचं विमान बघून झालेलं. परतीच्या वाटेवर दमून मी विचारलं, "पैकुजी, तुम्हांला नेमकं बघायचं काय असतं?" ते म्हणाले, "शीट." खुर्ची बघायला एवढं पेट्रोल जाळणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. लाखनीच्या बाजूला महामार्गालगत एका शाळेनं आवारात असंच एक निवृत्त विमान बसवलं होतं आणि त्या निमित्तानं आसपासच्या माजी सैनिकांचा सत्कार ठेवला होता. पैकुजींनाही निरोप आला. मी 'नाही' म्हणायच्या बेतात होतो. सणाचे दिवस, दुकानात गर्दी, वर पाठ धरलेली. पण कुसुम म्हणाली, "घेऊन जा ना त्याइले. घरी एकटेच बसून राहतीन." गेलो.

दोन्ही बाजूंना धान पिवळं पडू लागलं होतं. ऊन मात्र अजून जायला तयार नव्हतं. कार्यक्रम सुरू व्हायला उशीर, मंडपात पंखे कमी, भाषणं जास्त. माजी सैनिक म्हणून बसवलेली सगळी मंडळी आता म्हातारी. कोणाला ऐकू येत नव्हतं, कोणाचा गुडघा वाकत नव्हता. नाव पुकारलं की एकेक जण उठायचा, शाल घ्यायचा, पुन्हा आपली खुर्ची शोधायचा. पैकुजींनी शाल घेतली आणि जागेवर येऊन आधी तिची घडी मोडली.

प्रमुख पाहुणे हवाई दलातले निवृत्त पायलट होते, नागपूरहून आलेले. उंच, हातात काठी, एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. त्यांनी भाषण फार लांबवलं नाही. "जे माझ्याबरोबर होते आणि आज नाहीत, त्यांची आठवण करतो," म्हणाले, थोडा वेळ उभे राहिले आणि खाली बसले. लोकांना टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना.

नाश्ता सुरू झाल्यावर मंडप तिकडं वळला. पैकुजी दिसेनात. मला ठाऊक होतं कुठं असतील. विमानाच्या बाजूला, अनवाणी, मान वर. मी पोह्यांची बशी घेऊन गेलो, तेवढ्यात मागून ते पाहुणे साहेब आले. गळ्यातले हार काढून काठीवर अडकवले होते. बहुतेक त्यांनाही जरा लोकांपासून दूर उभं राहायचं होतं.

पैकुजींनी रखवालदार समजून, मान न वळवताच विचारलं, "आत शीट हाये का?"

"आहे," साहेब म्हणाले. "यात ठेवली आहे. नुसता सांगाडा, सीटमधली छत्री काढून घेतलेली."

पैकुजी वळले, ओळखलं, आणि सत्तरी ओलांडलेला तो माणूस ताठ उभा राहिला. पायात चप्पल नाही, हाताच्या घडीवर शाल.

"जयहिंद साहेब. सेफ्टी इक्विपमेंट. छत्र्या बांधत होतो."

साहेबांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "पॅकर?"

"होय जी."

महामार्गावरून ट्रक जात होते. मग पैकुजींनी विचारलं, आणि इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता, "साहेब, विमान पडलं, माणूस आतच गेला. मंग छत्री उघडली नाई म्हणून गेला, का त्यानं शीट सोडलीच नाई म्हणून गेला, हे कोणाले समजते का जी?"

"कोण गेलं तुमचं?" साहेबांनी विचारलं.

"आमी छोटे साब म्हणत होतो. माह्याच वयाचा. खोलीत याले मनाई होती त्याइले, तं दारात उभा राहून चिडवे. 'पॅकू, मेरी वाली ठीक से बाँधना, मैं मोटा हो गया हूँ.' होता काडीसारखा." पैकुजी हसले आणि ते हसू तिथंच थांबलं. "त्याचं विमान डोंगराच्या तिकडे पडलं. छत्री माह्या हातची होती."

मी पोह्यांची बशी धरून उभा राहिलो. रोज माझ्या काउंटरशी उभा राहणारा माणूस हा. मला यातलं काही माहीत नव्हतं.

"चौकशी झाली असेल," साहेब म्हणाले.

"झाली असन. आमच्या टेबलापर्यंत काईच नाई आलं. कोणी रागावलं नाई, कोणी काई बोललंबी नाई. दुसऱ्या दिवशी सार्जंटनं नखं पायली आन दुसरी छत्री समोर ठेवली. मंग मीबी नाई विचारलं. विचारणार कोणाले? आपली पायरी कोणती?"

साहेबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, आता ते म्हणतील, तुमची काही चूक नव्हती. कोणीही म्हटलं असतं. मीच म्हणणार होतो.

"मी तिथं नव्हतो," ते म्हणाले. "मला नाही सांगता येणार. विमान फार खाली असेल तर घडी कोणाचीही असो, छत्रीला वेळच मिळत नाही. वर असेल तर उघडते."

"सगळ्याइच्या?"

"सगळ्यांच्या नाही."

पैकुजींनी मान हलवली. दुकानात एखाद्या कापडाचा पोत बोटांनी बघून हलवतात, तशी.

"माझी उघडली होती," साहेब म्हणाले.

मग जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. पैकुजी दोन पावलं पुढं आले. पायरी, साहेब, जयहिंद, सगळं विसरले. लहान पोरानं मेळ्याहून आलेल्याला विचारावं तसं त्यांनी साहेबांचा हातच धरला.

"कशी उघडली जी? आवाज होते का?"

"होतो. ताडपत्री फटकन झटकावी तसा. आणि हिसका. या खांद्यात अजून आहे तो."

"आन मंग?"

"मग एकदम शांत. इतकं शांत की खाली कुठंतरी कुत्रं भुंकत होतं, ते ऐकू आलं."

"वरते पायलं का तुमी?"

"सगळ्यांत आधी वर पाहिलं. शिकवलेलंच असतं, पण न शिकवताही बघितलं असतं. पांढरी आणि केशरी. पूर्ण गोल." साहेबांनी मान वर केली, जणू ती अजून तिथंच होती. "मी तिच्याकडं बघून जोरात एक शिवी दिली. आनंदानं."

"दोऱ्या? एखांदी वेटाळली होती?"

"एकही नाही. सगळ्या सरळ."

पैकुजींनी डोळे मिटले. त्यांची बोटं साहेबांच्या बाहीवर हलत होती, एकेक पट्टी बसवावी तशी. आयुष्यभर त्यांनी ज्या घड्या घातल्या, त्या उघडल्यावर कशा दिसतात ते त्यांना पहिल्यांदा कोणीतरी सांगत होतं.

"चांगला माणूस होता तो," ते म्हणाले.

"कोण?"

"घडी घालणारा."

साहेब म्हणाले, "त्याला मी भेटलोच नाही. महिनोन्महिने दवाखान्यात पडून होतो, मग दुसरीकडं गेलो. राहून गेलं. नावसुद्धा विचारलं नाही."

"त्याले समजलं असन."

"समजतं?"

"समजते जी. टेबलापर्यंत चांगली गोठ येते बरोबर. त्या दिवशी मंग कोणाचंच कामात ध्यान नाई राहात."

मुख्याध्यापक फोटोसाठी बोलवायला आले. साहेबांनी काठीवरचे हार पुन्हा गळ्यात घातले. "जातो," म्हणाले आणि गेले. पैकुजींनी चपला घातल्या. मी त्यांना पोहे दिले. ते थंड झाले होते, पण त्यांनी सगळे खाल्ले.

परतताना पैकुजींनी खड्ड्यांवरून माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. ऊन उतरत होतं, बांधाबांधानं बाया घरी परतत होत्या. माझी पाठ ठणकत होती. पवनी जवळ आल्यावर ते म्हणाले, "साडभाऊ, तुमच्या घरी चाला."

मी आश्चर्यानं गाडी थांबवणारच होतो. सुमनबाई गेल्यापासून पैकुजी आमच्या घरी आले नव्हते. दुकानात रोज यायचे, पण घराच्या ओट्यापर्यंत आले आणि आतून कुसुमचा आवाज आला, की त्यांना काहीतरी काम आठवायचं आणि ते तसेच मागं फिरायचे. कुसुमला सुरुवातीला वाईट वाटायचं. मग तिनं विचारणं सोडलं.

कुसुम अंगणात शेंगा सोलत बसली होती. पैकुजींना बघून उठू लागली, तर त्यांनी हातानंच बसवलं आणि समोरच्या पायरीवर टेकले. मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, छोटे साबपासून कुत्र्याच्या भुंकण्यापर्यंत. ती शेंगा सोलत ऐकत होती. मध्येच हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"मले माहीत होतं, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "सुमनबाईनं सांगतलं होतं. झोपेत तुमचे हात हालतात म्हणे, चादरीवर."

"ते तुले सांगे?"

"सांगे. म्हणे, किती खेप म्हटलं, कोणाले तरी विचारा एकदा. विचारतच नाई हा माणूस."

"विचारलं ना आज."

"काय म्हणला तो साहेब?"

"म्हणला, मले नाई माहीत."

"बस?"

"बस." पैकुजींनी पायरीवरची शेंगांची सालं गोळा करून तिच्या सुपात टाकली. "पण खरं बोलला."

कुसुम उठली. "हातपाय धुवा. भात मांडतो मी. जेवूनच जा."

"बस ना थोडी," पैकुजी म्हणाले. "बोल काई."

"काय बोलू?"

"काईबी बोल."

कुसुमनं माझ्याकडं बघितलं. मग ती परत खाली बसली आणि बोलू लागली. शेजारच्या गाईला वासरू झालं ते, नळाला सकाळी पाणी आलं नाही ते, दिवाळीला पोरं येणार की नाही ते. पैकुजींनी भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिले. मी चपला काढल्या आणि आवाज न करता आत जाऊन तांदूळ धुवायला घेतले.